ऱ्हाईनचे दोन काठ: फ्रान्स-जर्मनी मैत्रीची पार्श्वभूमी

फ्रान्सच्या पूर्व सीमेवर, ऱ्हाईन नदीकाठच्या स्ट्रासबर्ग शहरात, रिपब्लिक चौकात, १९३६ साली उभारलेले एक युद्धस्मारक आहे. एका आईने मरणाच्या दारातल्या दोन मुलांना सावरून धरले आहे. मुलांच्या अंगावर गणवेश नाही, कारण एक मुलगा फ्रान्सकडून लढला, दुसरा जर्मनीकडून. फ्रान्समधल्या गावोगावच्या स्मारकांवर ‘फ्रान्ससाठी धारातीर्थी पडलेले’ असे लिहिलेले असते. इथे फक्त ‘आमच्या मृतांना’ एवढेच कोरले आहे.

हे शहर १८७१ मध्ये जर्मन झाले, १९१८ मध्ये फ्रेंच, १९४० मध्ये पुन्हा जर्मन आणि १९४४ मध्ये पुन्हा फ्रेंच. १८७० मध्ये जन्मलेल्या आणि आयुष्यभर एकाच गल्लीत राहिलेल्या बाईने घर न बदलता चार वेळा देश बदलला असेल. दुसऱ्या महायुद्धात आल्सास (ज्यात स्ट्रासबर्ग येते) आणि शेजारच्या मोझेल या भागांमधल्या सुमारे १ लाख ३० हजार जणांना जर्मन सैन्यात सक्तीने भरती केले गेले. आज लढाऊ विमान किंवा अणुवीज यांवरून पॅरिस आणि बर्लिनमध्ये कुरबुर झाली की ‘मैत्री संपली’ अशा बातम्या येतात. त्या वाचताना हे स्मारक डोळ्यांपुढे ठेवावे, असे मला मनापासून वाटते.

मैत्रीची सुरुवात प्रेमातून झाली नाही, कोळशातून झाली. ९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शुमान यांनी दोन्ही देशांचा कोळसा आणि पोलाद एका सामाईक संस्थेच्या देखरेखीखाली आणण्याचा प्रस्ताव मांडला. आराखडा फ्रेंच नियोजन अधिकारी झाँ मॉने यांचा होता. कोळसा आणि पोलाद यांशिवाय तोफा ओतता येत नाहीत, आणि ते दोन्ही सामाईक झाले की शेजाऱ्याच्या नकळत युद्धाची तयारी करणेच अशक्य, असा त्यामागचा रोखठोक हिशोब. शुमान स्वतः सीमेवरचाच माणूस. जन्म लक्झेंबर्गमधला, जन्माने जर्मन नागरिक, पहिल्या महायुद्धानंतर फ्रेंच. १९५१ मध्ये सहा देशांनी या प्रस्तावातून आलेल्या करारावर सह्या केल्या.

वाट मात्र सरळ नव्हती. सामाईक युरोपीय सैन्याची कल्पना फ्रान्समधून निघाली आणि १९५४ मध्ये फ्रान्सच्याच संसदेने ती बुडवली. पुढच्या वर्षी, युद्धानंतर फ्रान्सच्या छत्राखाली असलेल्या सारलँड या जर्मन भाषक प्रदेशाच्या जनतेने वेगळा युरोपीय दर्जा नाकारला. फ्रान्सने तो कौल मानला आणि १९५७ मध्ये सारलँड जर्मनीत गेले. हा समंजसपणा फारसा आठवला जात नाही, पण पुढचे बरेच काही त्यावर उभे आहे.

सप्टेंबर १९५८ मध्ये फ्रान्सचे नेते शार्ल द गॉल यांनी जर्मन चॅन्सेलर कोनराड आडेनाउअर यांना कोलोंबे या खेड्यातल्या आपल्या राहत्या घरी मुक्कामाला बोलावले. द गॉल पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, व्हर्दनच्या रणांगणावर जर्मनांच्या हाती सापडलेले युद्धकैदी. आडेनाउअर यांना नाझींनी कोलोनच्या महापौरपदावरून हटवलेले. दोघेही वयस्क, दोघेही श्रद्धाळू कॅथलिक. १९६२ मध्ये त्यांनी रँसच्या कॅथेड्रलमध्ये एकत्र प्रार्थना केली. त्याच वर्षी लुडविग्सबुर्गमध्ये द गॉल जर्मन तरुणांशी जर्मनमध्ये बोलले.

२२ जानेवारी १९६३ रोजी दोन्ही देशांत एलिझे हा मैत्रीकरार झाला. त्याची खरी ताकद एका साध्या अटीत आहे: पटो वा न पटो, भेटायचेच. देशप्रमुखांनी वर्षातून किमान दोनदा, परराष्ट्रमंत्र्यांनी दर तीन महिन्यांनी. जर्मन संसदेने करार मंजूर करताना अमेरिका आणि नाटोशी बांधिलकी सांगणारी प्रस्तावना जोडली, त्यामुळे द गॉल नाराज झाले. तरी भेटी चालूच राहिल्या. त्याच वर्षी स्थापन झालेल्या फ्रान्स-जर्मनी युवा कार्यालयामार्फत आजवर ९० लाखांहून अधिक तरुण एकमेकांच्या देशात राहून आले आहेत. दुसऱ्याच्या घरी जेवलेल्या मुलाला शत्रू म्हणून उभे करणे अवघड असते. माझ्या मते या साठ वर्षांतले सर्वांत मोलाचे काम हेच.

१९८४ मध्ये व्हर्दनजवळ फ्रान्सचे अध्यक्ष मित्तराँ आणि जर्मन चॅन्सेलर कोल हातात हात घेऊन उभे राहिले, ते छायाचित्र जगभर गेले. एअरबस या विमानकंपनीची जुळणी १९६९ पासूनची. इंडियन एअरलाइन्सकडे १९७६ मध्ये आलेले ए-३०० हे त्या भागीदारीचे पहिले मॉडेल. १९९२ मध्ये आर्टे ही संयुक्त वाहिनी सुरू झाली आणि २००६ मध्ये दोन्ही देशांतल्या शाळांसाठी इतिहासाचे एकच पाठ्यपुस्तक आले. २०१९ च्या आखेन कराराने दोन्ही देशांनी एलिझेचे जुने वचन पुन्हा दिले.

मतभेदही खरे आहेत. फ्रान्सची बहुतांश वीज अणुभट्ट्यांतून येते, तर जर्मनीने शेवटच्या तीन भट्ट्या एप्रिल २०२३ मध्ये बंद केल्या. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या संयुक्त लढाऊ विमानाच्या कामाची वाटणी कशी करायची, यावर फ्रान्सची विमानकंपनी दसॉ आणि एअरबस यांच्यात वर्षानुवर्षे वाद होत राहिले. मला यापेक्षा जास्त काळजी वाटते ती एकमेकांची भाषा शिकण्याच्या घटत्या ओढीची. भाषांतरावर चालणाऱ्या बैठका होतील, पण शेजार टिकायला गप्पा लागतात.

२०१७ पासून स्ट्रासबर्गची ट्राम ऱ्हाईन ओलांडून जर्मनीतल्या केलपर्यंत जाते. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे सीमा बंद झाली आणि ट्राम फ्रेंच काठावरच थांबू लागली. पलीकडे कुणाची नोकरी होती, कुणाचे आईवडील. जूनमध्ये निर्बंध उठले आणि ट्राम पुन्हा पुलावरून जाऊ लागली.