गुडमार

गुडमार : (बेडकीचा पाला, कावळी, सं. मधुनाशिनी, मेषशृंगी; लॅ. जिम्नेमा सिल्व्हेस्टर; कुल – ॲपोसायनेसी). रुईच्या कुलातील काष्ठमय वेल. कोकण, पश्चिम घाट, दख्खन व मध्य भारतातील जंगलांत झुडपांवर चढलेली आढळते. आफ्रिकेच्या उष्ण भागांतही आहे. पाने समोरासमोर, अंडाकृती, लवदार. फुले बारीक, पिवळी, झुबक्यांनी येणारी. फळे लांबट, टोकदार व शिंगासारखी. महाराष्ट्रात मेढशिंगी म्हणतात तो वृक्ष (डॉलिकँड्रोन फाल्काटा) निराळा आहे, त्यामुळे नुसत्या संस्कृत नावावर पाला विकत घेणे बरे नाही.

या वेलीचा खात्रीचा गुण जिभेवरचा आहे. ताजे पान मिनिटभर चघळून थुंकले आणि चिमूटभर साखर तोंडात टाकली, तर वाळू खाल्ल्यासारखी लागते. गूळही मातकट लागतो. चहा नुसता गरम आणि तुरट. आंबट-खारट मात्र नीट कळते. अर्धा ते एक तासात चव परत येते. एजवर्थ या इंग्रज अधिकाऱ्याचे चहातील साखरेबाबतचे हे निरीक्षण १८४७ मध्ये नोंदले गेले आणि १८८७ मध्ये डेव्हिड हूपर यांनी पानांतून जिम्नेमिक आम्ल वेगळे केले. हे एकच द्रव्य नसून सॅपोनिनांचा (पाण्यात फेस आणणाऱ्या वनस्पतिज द्रव्यांचा) समूह आहे. तो जिभेवरील गोड चवीच्या ग्राहींना (चव ओळखणाऱ्या रेणूंना) चिकटतो, त्यामुळे साखरेचा संदेश मेंदूकडे जात नाही. उंदरांवर त्याचा असा परिणाम होत नाही. त्यांची गोडी याच पानातले गुरमारिन नावाचे प्रथिन मारते.

जिभेवरची साखर मरते, म्हणून रक्तातलीही मरेल, हा समज येथूनच पसरला असावा. विकणाऱ्यालाही तो सोयीचा, कारण गिऱ्हाईकाला पान चघळायला देऊन वर साखर चाखवली की वेगळा पुरावा लागत नाही. पण कॅप्सूल जिभेला न लागता पोटात जाते; म्हणजे जे सिद्ध आहे तेच तिच्यात नाही, आणि जे तिच्या नावावर विकले जाते त्याचा पुरावा तोकडा आहे.

म्हसकर व केइअस यांनी १९३० मध्ये या वनस्पतीवर संशोधन-प्रबंध प्रसिद्ध केला. मद्रासच्या संशोधकांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात टाइप २ मधुमेहाच्या २२ रुग्णांना रोज ४०० मिग्रॅ. अर्क नेहमीच्या गोळ्यांच्या जोडीने १८ ते २० महिने देण्यात आला. साखर उतरली, गोळ्यांची मात्रा कमी करता आली आणि पाच जणांच्या गोळ्या बंद झाल्या. हे आकडे आजही जाहिरातींत फिरतात. मात्र रुग्णांची विभागणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती आणि कोणाला काय दिले हे झाकलेले नव्हते, ही बाब जाहिरातींत येत नाही. अर्कामुळे आतड्यातून साखरेचे शोषण मंदावते व स्वादुपिंडातून इन्शुलिन अधिक सुटते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले. परंतु काही प्रयोगांत ते इन्शुलिन पेशींचे पटल सच्छिद्र झाल्याने बाहेर झिरपल्याचे आढळले. औषधाच्या दृष्टीने ही फारशी चांगली खूण नव्हे.

बाजारात सुका पाला, चूर्ण आणि अर्काच्या कॅप्सूल मिळतात. अर्कात जिम्नेमिक आम्लांचे प्रमाण बहुधा २५ टक्के छापलेले असते. लखनौच्या सरकारी प्रयोगशाळांनी विकसित केलेल्या बीजीआर-३४ या गोळीत दारुहळद, बिजासार (विजयसार), गुळवेल, मंजिष्ठ व मेथीसोबत गुडमार आहे. पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या उत्पादनाला रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही. १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या रोगयादीत मधुमेह आहे. तरीही ‘शुगर मुळापासून’ छापाच्या जाहिराती थांबलेल्या नाहीत.

खरा धोका जोडीने घेण्यात आहे. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्शुलिन चालू असताना अर्क घेतल्यास साखर गरजेपेक्षा खाली जाऊन घाम, थरथर, भोवळ येऊ शकते. त्यामुळे डॉक्टरांना सांगूनच घ्यावा आणि घरच्या ग्लुकोमीटरवर नोंद ठेवावी. ‘झाडपाल्याने अपाय नाही’ असे म्हणून गोळ्या परस्पर बंद करणे त्याहून वाईट; टाइप १ मध्ये इन्शुलिन थांबवणे जीवावर बेतते. गरोदर व स्तनदा स्त्रियांसाठी सुरक्षिततेची पुरेशी माहिती नाही. गुडमार घेणाऱ्या एका मधुमेही रुग्णाला यकृतदाह झाल्याची नोंद २०१० मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली. शस्त्रक्रियेपूर्वी साधारण दोन आठवडे अर्क बंद ठेवण्यास सांगतात.