परकीय थेट गुंतवणूक : यजमान देशातील राजकीय परिणाम

परदेशी कंपनीने दुसऱ्या देशातील उद्योगाच्या कारभारावर दीर्घकाळ प्रभाव राहील इतकी मालकी घेणे, म्हणजे परकीय थेट गुंतवणूक. शेअर बाजारातला पैसा एका दिवसात काढून घेता येतो. कारखान्याला मात्र जमीन, पाणी, वीज आणि कामगार लागतात, म्हणून गुंतवणूकदाराचा यजमान देशाच्या राजकारणाशी संबंध येणे अटळ असते.

भांडवल येण्यापूर्वी सरकार सवलती देते आणि ते जमिनीत रुतले की सरकारचे पारडे जड होते, अशी मांडणी अमेरिकी अर्थतज्ज्ञ रेमंड व्हर्नन यांनी १९७१ मध्ये केली. दाभोळ वीज प्रकल्पाने ती निम्मीच खरी ठरवली : एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीशी झालेला करार महाराष्ट्रातील युती सरकारने १९९५ मध्ये रद्द केला, पण कंपनीने लवादाचा मार्ग धरल्यावर वाटाघाटी होऊन सुधारित करार झाला आणि महाग विजेच्या वादात २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. निवडणुकीत दिलेला शब्द आणि आधीच्या सरकारने केलेली सही यांपैकी कोणते बंधन मोठे, हा लोकशाहीतला गंभीर प्रश्न आहे.

नाशिकमध्ये हा विषय निराळ्या रूपात दिसतो. परदेशी भांडवलाला प्रवेश देणे केंद्राच्या हाती, तर सातपूर-अंबडच्या एमआयडीसीतील भूखंड राज्याच्या महामंडळाकडे. त्यामुळे स्थानिकांच्या नोकऱ्यांची मागणी धोरण ठरवणाऱ्या दिल्लीपेक्षा आमदारांकडे आणि कामगार संघटनांकडे आधी पोहोचते. सातपूरच्या जर्मन मालकीच्या बॉशला जुने नाशिककर अजून ‘मायको’च म्हणतात, इतकी ती शहरात मुरली. याउलट महिंद्राच्या भागीदारीत २००७ मध्ये इथे लोगान मोटार आणणारी फ्रान्सची रेनॉ २०१० मध्ये त्या भागीदारीतून बाहेर पडली. निघून जाण्याची ही मोकळीक गुंतवणूकदाराची खरी ताकद असते, आणि कामगाराकडे नेमकी तीच नसते.

किराणा व्यापारात, म्हणजे बहुब्रँड किरकोळ विक्रीत, ५१ टक्के परकीय गुंतवणुकीला २०१२ मध्ये मुभा मिळाली, तेव्हा तृणमूल काँग्रेसने केंद्र सरकारचा पाठिंबा काढला. लासलगावच्या कांद्याच्या दृष्टीने महत्त्वाची अट साठवण आणि वाहतुकीवर ठरावीक खर्च करण्याची होती. दुकानांना परवानगी द्यायची की नाही, हे मात्र प्रत्येक राज्यावर सोपवले गेले, आणि महाराष्ट्राने तेव्हा होकार कळवला होता.