एसयूव्हीला मोठे टायर आणि त्याच मापाची स्टेपनी: परवानगी कधी लागते, कागद कोणते लागतात

पावसाळा तोंडावर आला की आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये टायरचा विषय निघतोच. घासलेले टायर बदलायचेच आहेत, तर जरा मोठे टाकूया, असं कुणीतरी म्हणतं. मग पुढचा प्रश्न येतो, आरटीओत अर्ज करावा लागतो का? तुमच्या मॉडेलच्या एखाद्या व्हेरियंटला कंपनीनेच ते माप दिलेलं असेल, तर अर्ज लागत नाही. माप त्याबाहेरचं असेल, तर नुसता अर्ज करून ते नियमात बसत नाही. दुकानदार 'काही होत नाही साहेब' म्हणतो तेव्हा हा फरक तो सांगत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने मुळात ठरवून दिलेल्या तपशिलापेक्षा नोंदणीतला तपशील वेगळा पडेल, असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. गाडीचं मूळ स्वरूप बदलतं तो 'बदल', अशी व्याख्या कलम ५२ मध्येच आहे. कंपनीच्याच पर्यायातलं माप त्यात मोडत नाही.

तेव्हा पात्रता ठरते ती मापावर. ह्युंदाई क्रेटाचं उदाहरण घ्या. खालच्या व्हेरियंटना २०५/६५ आर१६ आणि वरच्यांना २१५/६० आर१७ अशी मापं कंपनीने दिली आहेत. पहिल्या टायरची एकूण उंची सुमारे ६७३ मिलिमीटर भरते, दुसऱ्याची ६९०. फरक अडीच टक्के. म्हणजे खालच्या व्हेरियंटवर वरचे टायर चढवले की काट्याने शंभर दाखवलं तेव्हा वेग आधीपेक्षा अडीच टक्के जास्त असतो आणि किलोमीटर तेवढेच कमी मोजले जातात. थारलाही २४५/७५ आर१६ आणि २५५/६५ आर१८ अशी दोन मापं आली. आपल्या गाडीचं माप आणि हवेचा दाब ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो, इतर व्हेरियंटची मापं हँडबुकात. रिम मोठी घेताना लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा खाली जाऊ देऊ नका. भरलेल्या गाडीचं वजन तोच आकडा पेलतो.

कागदांची एक फाइल करा आणि गाडीत ठेवा: आरसी, विमा, पीयूसी, टायरचं माप छापलेलं जीएसटी बिल, आणि हँडबुकातल्या त्या पानाची प्रत. हँडबुकात दोन्ही मापं नसतील तर अधिकृत डीलरकडून लेटरहेडवर लिहून घ्या. खासगी गाडीच्या आरसी कार्डावर टायरचं माप सहसा नसतं, त्यामुळे आरटीओच्या वायुवेग पथकाने (रस्त्यावर गाड्या तपासणारं फिरतं पथक) अडवलं तर हेच पान कामाला येतं. विमा कंपनीला मात्र मेल करून कळवाच आणि उत्तर जपून ठेवा. क्लेमच्या वेळी सर्वेक्षक चाकं बघतो.

नोंदणीत दखल घ्यावी लागेल असा बदल असेल, तर रस्ता वेगळा आहे. त्याची माहिती १४ दिवसांच्या आत, आरसी आणि शुल्कासह, आपण राहतो त्या भागाच्या आरटीओला द्यावी लागते. मुंबईत ताडदेव (एमएच ०१), अंधेरी (एमएच ०२), वडाळा (एमएच ०३) आणि बोरिवली (एमएच ४७) अशी चार कार्यालयं आहेत. गाडी भाडे-खरेदी करारावर असेल तर नोंदणीकृत मालकाची लेखी संमती आधी घ्यावी लागते. कर्जाची गाडी असेल तर बँकेलाही आधीच विचारून घ्या. माझं स्पष्ट मत, टायर चढवून मग विचारायला जाऊ नका. आधी माप दाखवा, मग पैसे द्या.

आता स्टेपनी. दोन वर्षांपूर्वी मी चारही टायर एक नंबर मोठे घेतले, स्टेपनी जुनीच राहू दिली. दुकानदारानेही काही सुचवलं नाही. जुलैत सायन-पनवेल महामार्गावर, वाशी पुलाच्या पुढे, डाव्या हाताचं पुढचं चाक बसलं. भर पावसात, ट्रकचे शिंतोडे अंगावर घेत स्टेपनी चढवली. जॅक खाली सोडला तेव्हा गाडी त्या कोपऱ्यात किंचित झुकलेली दिसली. निघालो तर स्टिअरिंग डावीकडे ओढायला लागलं आणि ट्रॅक्शन कंट्रोलचा, म्हणजे चाक घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा, दिवा पेटला. मागे आई बसली होती. नेरुळपर्यंत चाळीसच्या वेगाने गेलो.

कायद्याने तुम्हाला पाचवा मोठा टायर घ्यायला लावलेलं नाही. पंक्चर किट आणि टायरची हवा दाखवणारी यंत्रणा असलेल्या गाड्यांना ऑक्टोबर २०२० पासून स्टेपनीशिवायही सूट आहे. काही मॉडेलना कंपनीच लहान स्टेपनी देते, पण तिच्यावर ताशी ८० किलोमीटरच्या मर्यादेचा स्टिकर असतो आणि ती पंक्चरवाल्यापर्यंत पोहोचण्यापुरतीच. फोर बाय फोर गाडीत तर उंचीचा फरक थेट डिफरन्शियलवर, म्हणजे चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरवर, येतो. म्हणून पाचांचा भाव करा. त्याआधी डिकीतल्या खड्ड्याचं माप टेपने घ्या, कारण मोठी स्टेपनी कधीकधी बसत नाही आणि वरचं झाकण उचललेलं राहतं. मागच्या दारावर टांगलेली असेल तर वाढलेलं वजन बिजागरीवर येतं, तेही विचारून घ्या.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर घ्या नाहीतर शोरूममध्ये, टायरच्या बाजूवर आयएसआय चिन्ह आणि चार आकडी तारीख बघा. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. पाचही टायर एकाच सुमाराचे असू द्या. गाडी ताब्यात घेण्यापूर्वी स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवून चाक कुठे घासतं का पाहा, आणि स्टेपनीत हवा भरली आहे ना, ते स्वतः गेज लावून तपासा.