थंडीत पावाचं पीठ फुगत का नाही?

हिवाळ्यात इंदूरच्या सराफा या खाऊबाजारात गराडू (एक कंद) तळले जाऊ लागले की इथल्या स्वयंपाकघरांत पावाचं पीठ रुसतं. दोन तास झाले तरी गोळा आहे तेवढाच. मग 'यीस्ट मेलं' म्हणून तो फेकला जातो. बहुतेक वेळा यीस्ट जिवंत असतं, फक्त गारठलेलं असतं. तापमान १० अंशांनी उतरलं की त्याचा वेग निम्म्यावर येतो किंवा आणखी घटतो. २७ अंशांना सव्वा तासात दुप्पट होणाऱ्या पिठाला १७ अंशांना तीन तास लागू शकतात.

खरं नुकसान मात्र त्याआधी, यीस्ट गार पाण्यात टाकताना होतं.

सुक्या यीस्टच्या पेशीत जेमतेम ५ ते ८ टक्के पाणी उरलेलं असतं. पेशीभोवतीचं पटल मेद-रेणूंच्या दुहेरी थराचं असतं. ओल्या पेशीत या रेणूंच्या डोक्यांमध्ये पाणी असल्यामुळे ते सुटे राहतात आणि थर प्रवाही राहतो. पाणी गेलं की रेणू दाटीनं चिकटतात, थर ताठ होतो. ट्रेहॅलोज नावाची शर्करा पाण्याची जागा बऱ्याच अंशी धरून ठेवते, म्हणूनच पेशी तगते. पाणी परत मिळालं की थर ताठ अवस्थेतून पुन्हा प्रवाही होतो, आणि या बदलाच्या वेळी त्यातून आतला ऐवज झिरपतो. पाणी ३५ ते ४० अंशांचं असेल, तर उष्णतेनंच मेद सैल होतो आणि गळती लवकर थांबते. १५ अंशांच्या पाण्यात ती लांबते, बऱ्याच पेशी दगावतात. शिवाय पेशीतून बाहेर पडलेलं ग्लुटाथायोन नावाचं संयुग ग्लुटेनमधले, म्हणजे पिठाला ताण देणाऱ्या मैद्यातल्या प्रथिनांमधले, गंधक-गंधक बंध तोडतं. पीठ सैल, चिकट होतं, तयार झालेला वायूही धरत नाही. चिकटपणा घालवायला वरून मैदा टाकला तर पाव दगड होतो.

म्हणून ५०० ग्रॅम मैद्याला ७ ग्रॅम ॲक्टिव्ह ड्राय यीस्ट १०० मिली, ३८ अंशांच्या पाण्यात १० मिनिटं भिजवावं. जाड फेस आला तर यीस्ट ठणठणीत आहे. इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम पुरतं. ते कोरड्या मैद्यातच मिसळावं. मीठ १० ग्रॅम. साखर ५० ग्रॅमच्या वर गेली की ती पेशीतलं पाणी ओढते आणि वेग मंदावतो. उकळतं पाणी कधीच नको. ५५ ते ६० अंशांना यीस्ट मरतं.

मळलेलं पीठ २६ अंशांचं हवं. हातानं मळताना पाण्याचं तापमान काढायचं ते असं: ७८ मधून खोलीचं आणि मैद्याचं तापमान वजा करा, मळण्याच्या उष्णतेचे २ अंशही वजा करा. दोन्ही १८ असतील तर पाणी ४० अंशांचं. हिशेब ४२ च्या वर गेला तर पाणी न तापवता मैदाच थोडा कोमट करावा.

'यीस्ट म्हणजे केमिकल, पोटात जाऊन फुगतं' असे संदेश फिरत असतात. यीस्ट ही एकपेशी बुरशी आहे, आणि भाजताना पावाचा गाभा ९० अंशांच्या वर जातो. तिथे ती जगत नाही.

गोळा अडलाच तर आधी थर्मामीटर खुपसा. २० अंश दिसले तर बंद, न तापवलेल्या ओव्हनमध्ये गरम पाण्याच्या वाडग्याशेजारी तासभर ठेवा. पीठ २७ अंशांचं असूनही हलत नसेल, तर ३ ग्रॅम नवं यीस्ट दोन चमचे कोमट पाण्यात भिजवून, ३० ग्रॅम मैद्यासह त्याच गोळ्यात मळून घ्या.