वामकुक्षी म्हणजे दुपारची झोप नव्हे

मे महिन्यात आमच्याकडे आमरस-पुरीचं जेवण झालं की दोन माणसं आडवी व्हायची. आजोबा ओसरीवर सतरंजी टाकून, आणि मी आतल्या खोलीत पंख्याखाली, गादीवर. आजोबा डाव्या कुशीवर वळून वर्तमानपत्राची घडी हातात धरायचे. पाच-सात मिनिटांत ती हातातून निसटून फरशीवर पडायची. आणखी दहा-बारा मिनिटांनी पाहावं, तर स्वारी तांब्यातलं पाणी पिऊन शब्दकोडं सोडवायला बसलेली. मी उठायचो साडेचारला. गालावर उशीच्या शिवणीचा वळ, तोंड कडू, डोकं जड, आज वार कोणता हेही पटकन आठवायचं नाही. पुढ्यात चहा आला तरी चिडचिड. आजी म्हणायची, "यांची वामकुक्षी, आणि याची कुंभकर्णी."

आजोबा मात्र "मी झोपलो नव्हतोच" यावर ठाम असायचे. घोरणं सगळ्या घराने ऐकलेलं असलं तरी.

आता आपण दोन्हींना सरसकट वामकुक्षीच म्हणतो. पुण्यातल्या १ ते ४ बंद दुकानांवरच्या विनोदांनी तर हा शब्द कायमचा तीन तासांचा करून टाकला. शब्द स्वतः बिचारा फार थोडं मागतो. वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस. त्यात झोप कुठेच नाही, फक्त कोणत्या अंगावर पडायचं तेवढं सांगितलंय. सुश्रुतसंहितेत जेवणानंतरचा क्रम दिला आहे: आधी जेवणाची सुस्ती उतरेपर्यंत राजासारखं बसावं, मग शंभर पावलं चालावं आणि त्यानंतर डाव्या कुशीवर पडावं. म्हणजे शतपावली आणि वामकुक्षी ही एकाच श्लोकातली भावंडं. आपण त्यांची वाटणी केली, शतपावली रात्रीच्या जेवणाला आणि वामकुक्षी दुपारच्या. राजासारखं बसणं तेवढं कुणाच्याच वाट्याला आलं नाही. आपण शेवटचा घास गिळता गिळता फोन उचलतो.

दुपारच्या झोपेला आयुर्वेदात वेगळं नाव आहे, दिवास्वाप. तिच्याबद्दलचा सूरही वेगळा आहे. चरकसंहितेत उन्हाळा सोडून इतर ऋतूंत दिवसा झोपू नये असं म्हटलंय, कारण त्याने कफ आणि पित्त वाढतं. उन्हाळ्यात परवानगी आहे, कारण शरीर कोरडं पडलेलं असतं आणि रात्री लहान असतात. म्हणजे माझी मे महिन्यातली झोप शास्त्रात बसत होती. हे तेव्हा आजीला ऐकवायला हवं होतं.

मग मी उठल्यावर इतका बधिर का असायचो?

झोप लागते ती पायऱ्या उतरल्यासारखी. पहिल्या पायरीवर स्नायू सैल पडू लागतात, दुसरीवर जरा स्थिर पण हलकी झोप. या दोन पायऱ्यांवरून माणूस हाक मारताच वर येतो आणि "जागाच होतो मी" असं शपथेवर सांगतो. साधारण वीस-तीस मिनिटांनंतर गाढ झोपेची पायरी लागते. तिथून मध्येच उठवलं, तर शरीर उठतं पण मेंदू मागे राहतो. ती धुंदी उतरायला अर्धा तासही लागू शकतो. पूर्ण फेरी साधारण दीड तासाची. त्यामुळे पाऊण तासाने उठलेला माणूस कधी कधी वीस मिनिटं पडलेल्यापेक्षा जास्त थकलेला दिसतो. झोप जास्त म्हणजे ताजेपणा जास्त, हे गणित इथे फसतं.

आजोबांची घडी म्हणजे हाताची मूठ सैल झाल्याची पावती होती. त्यानंतर दहा-बारा मिनिटं म्हणजे दुसऱ्या पायरीवर थोडं टेकून वर येणं. त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. माझ्या मते त्यांच्या वामकुक्षीतलं खरं तंत्र डाव्या कुशीत नव्हतं, सतरंजीत होतं. कडक फरशी, उघडी ओसरी, रस्त्यावरचा आवाज. अशा जागी माणूस खोल जातच नाही. मी पडदे ओढून गादीवर पडायचो, म्हणजे रात्रीचीच सगळी तयारी करायचो. शरीराने ती रात्रच समजली, त्यात त्याचा काय दोष?

दुपारी पेंग येण्याचं खापर आपण नेहमी भातावर फोडतो. भरपेट जेवणाने पेंग वाढते हे खरं, पण दुपारी एक ते तीनच्या सुमारास सावधपणा थोडा उतरतो तो न जेवलेल्यांचाही. शरीराच्या रोजच्या घड्याळातलाच तो उतार आहे. वामकुक्षी या उतारासाठी पुरते. दुपारची लांब झोप बहुतेक वेळा दुसरंच काम करत असते: रात्रीची उधारी फेडण्याचं.

आणि ती उधारी दुपारी फेडली की रात्री नवी होते. जागेपणी मेंदूत अॅडेनोसिन नावाचा पदार्थ साचत जातो, आणि तो जितका जास्त तितकी झोपेची ओढ जास्त. चहा-कॉफीतलं कॅफीन या अॅडेनोसिनची जागा अडवतं, म्हणून तरतरी येते. चार वाजता दोन तास ताणून दिली, की ही साठलेली ओढ खर्च होते. मग रात्री साडेअकराला डोळे टक्क उघडे, एक वाजता कशीबशी झोप, सकाळी सहाला गजर आणि दुपारी पुन्हा "जरा पडतो". वीस मिनिटांत ओढ फारशी खर्च होत नाही, त्यामुळे रात्र शाबूत राहते.

उधारी खरंच झालीच असेल, तर वाग्भटाने अष्टांगहृदयात तोडगा दिलाय: जितकं जागरण झालं त्याच्या निम्मा वेळ, सकाळी, काही न खाता झोपावं. मला हा तपशील फार आवडतो. भरपाईची झोप उपाशीपोटी आणि सकाळी, वामकुक्षी जेवणानंतर आणि थोडकी. दोन वेगळी कामं, दोन वेगळ्या वेळा. गणपतीत रात्रभर जागून दुसऱ्या दिवशी श्रीखंड-पुरी खाऊन पाच वाजेपर्यंत झोपणारे आपण दोन्ही नियम एकदम मोडतो.

डाव्या कुशीचं काय, तर तिथे नुसती श्रद्धा नाही. जठराचा फुगीर भाग डावीकडे असतो. डावीकडे वळल्यावर आम्ल त्या खोलगटात राहतं आणि अन्ननलिकेचं तोंड त्याच्या वर. उजवीकडे वळलं की हे उलटं होतं, म्हणून ज्यांना जेवणानंतर घशाशी जळजळतं त्यांना उजवी कूस जास्त त्रास देते. आणखी एक गंमत घरबसल्या पाहता येते. डाव्या कुशीवर पडलं की थोड्या वेळाने खालची नाकपुडी चोंदल्यासारखी होते आणि वरची, म्हणजे उजवी, मोकळी होते. योगात उजवा स्वर, म्हणजे उजव्या नाकपुडीतला श्वास, सूर्याचा, उष्णतेचा मानतात, म्हणून तो पचनाला बरा असं सांगतात. नाकपुडी मोकळी होते हे खरं. पचनाचं मी छातीठोकपणे सांगणार नाही.

गोव्यात दुपारी दुकानांची दारं ओढलेली दिसतात, तिला लोक सिएस्ता म्हणतात. मूळ लॅटिन, अर्थ सहावा तास, सूर्योदयापासून मोजलेला, म्हणजे भर दुपार. इथेही शब्दात झोप नाही, फक्त वेळ आहे. घरी जाऊन जेवणं, उन्हातून बाजूला होणं, हे सगळं त्यात येतं.

ज्यांना आडवं होण्याची सोय नाही त्यांच्यासाठीही चरकसंहितेत जागा आहे. बसल्या बसल्या पेंगण्याला तिथे आसीनप्रचलायित असं भारदस्त नाव आहे. रात्रीचं जागरण रूक्षता आणतं, दिवसाची झोप स्निग्धता. हे बसून पेंगणं दोन्ही करत नाही. लोकलमध्ये खिडकीला डोकं टेकून कल्याण ते दादर पेंगणाऱ्याला हे सांगा, त्याला बरं वाटेल. विमानाच्या कॉकपिटमध्येही असंच काहीसं करून पाहिलंय. नासाने १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात लांब पल्ल्याच्या वैमानिकांना खुर्चीतच आळीपाळीने ४० मिनिटांची सवड दिली होती. ते सरासरी २६ मिनिटं झोपले, आणि उरलेल्या प्रवासात न झोपलेल्यांपेक्षा जास्त सावध राहिले.

लांब झोपेला उगाच आळशी म्हणू नये, हेही तितकंच खरं. लहान मुलं, वृद्ध, आजारी, ओझी वाहून किंवा प्रवासाने थकलेले, यांना चरकसंहितेत दिवसा झोपायची मुभा आहेच. रात्रपाळीच्या नर्सची दुपार ही दुपार नसतेच, ती तिची रात्र. तिला कुणी वामकुक्षीचे धडे देऊ नयेत, दारावरची बेल तेवढी बंद ठेवावी. पण रात्री सात-आठ तास झोपूनही कुणाला रोज दुपारी दोन तास लागत असतील, आणि वर रात्री जोरात घोरणं असेल, तर तो सवयीचा भाग समजून सोडू नये. रात्री श्वास अडखळत असेल, रक्त कमी असेल, थायरॉइड असेल. डॉक्टरांना दाखवावं.

मी आता सतरंजीवर आलोय. तीनच्या आत, पंचवीस मिनिटांचा गजर लावून, डाव्या कुशीवर. उठल्यावर वार आठवतो. फक्त हातात वर्तमानपत्राऐवजी फोन असतो, आणि परवा नकळत उताणा झालो तर तो सुटून थेट नाकावर बसला.