बायझंटाइन सुवर्णनाणी : संग्रह आणि सूची

पूर्व रोमन म्हणजेच बायझंटाइन साम्राज्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल) आणि तिथल्या सम्राटांच्या इतर टांकसाळींत पाडलेली सोन्याची नाणी जमवणं, ओळखणं आणि त्यांची नीट सूची ठेवणं हा नाणकशास्त्रातला जुना छंद. जमवण्यापेक्षा ओळखण्यातच जास्त वेळ जातो, कारण सोन्यावर सहसा सन नसतो, टांकसाळीची खूण फसवी असते आणि कॉन्स्टंटाइन नावाचेच सम्राट ११ होऊन गेले.

सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. सॉलिडस हे मूळ सोन्याचं नाणं पहिल्या कॉन्स्टंटाइनने साधारण ३०९ ते ३१२ च्या दरम्यान काढलं, पण बहुतेक संग्राहक ४९१ मध्ये गादीवर आलेल्या पहिल्या अनास्तासिअसपासून मोजतात. त्याला आधार त्याच्या ४९८ च्या नाणेसुधारणेचा, आणि गंमत म्हणजे ती सुधारणा तांब्याच्या नाण्यांची होती, सोन्याला तिने हातही लावला नाही. म्हणजे सोन्यापुरती ही रेघ निव्वळ सोयीची. तरी डंबार्टन ओक्स या वॉशिंग्टनमधल्या संशोधन संस्थेच्या मोठ्या सूचीने तीच धरली म्हणून पुढे सगळ्यांनी धरली.

एका रोमन पौंडातून ७२ सॉलिडस पाडायचे, त्यामुळे एकाचं वजन सुमारे ४.५ ग्रॅम, आपल्या तोळ्यात अडीचहून थोडे जास्त बसतील. त्याचे २४ भाग म्हणजे २४ केरातिया. केरातिओन म्हणजे कॅरोब झाडाचं बी, आपल्याकडे सोनाराच्या तराजूत गुंज असायची तसंच, आणि सोन्याचा २४ कॅरेटचा हिशेब इथूनच आलाय. अर्धं नाणं सेमिसिस, तिसरा हिस्सा ट्रेमिसिस.

मागच्या बाजूला खाली सी-ओ-एन-ओ-बी अशी ५ अक्षरं असतात आणि नवखा माणूस हमखास इथेच चुकतो. कॉन म्हणजे कॉन्स्टँटिनोपल, इथवर ठीक. ओ-बी म्हणजे 'ओब्रिझिअकम', शुद्ध केलेलं सोनं, असं एक मत. ग्रीक अंकांत ओमिक्रॉन ७० आणि बीटा २, म्हणून हा ७२ चा आकडा, हे दुसरं. ही अक्षरं पहिला व्हॅलेंटिनिअन आणि व्हॅलेन्स यांच्या काळात, ३६० च्या दशकातल्या सोनं शुद्ध करण्याच्या मोहिमेच्या सुमारास आली, त्यामुळे पहिलं मत जास्त पटतं, ७२ चा योग टांकसाळवाल्यांनाही आवडला असेल तर असो. पण हीच खूण इटलीतल्या आणि आफ्रिकेतल्या टांकसाळींनीही उचलली, तेव्हा तिच्यावरून नाणं राजधानीचं ठरवता येत नाही, ते ठरतं कोरणीच्या शैलीवरून. कार्थेजची नाणी मात्र लगेच कळतात, लहान आणि जाड, ७व्या शतकात तर जवळपास गोळीसारखी, आणि त्यांच्यावर इंडिक्शन नावाच्या १५ वर्षांच्या करआकारणी चक्रातलं वर्ष अक्षराने दिलेलं असतं.

याहून मोठा घोळ हलक्या सॉलिडसचा. जस्टिनिअन पहिला ते कॉन्स्टंटाइन चौथा या काळात, साधारण ६व्या शतकाच्या मध्यापासून ७व्याच्या शेवटाकडे, २०, २२ किंवा २३ केरातियांची नाणी पाडली गेली, म्हणजे २० वालं जेमतेम पावणेचार ग्रॅमचं, आणि त्यावर खालच्या अक्षरांत बदल करून ते सरळ सांगितलेलं असतं, त्यामुळे ही फसवणूक नव्हे. मग कशासाठी? हॉवर्ड एडल्सन यांनी १९५७ मध्ये मांडलं की ही नाणी साम्राज्याबाहेरच्या व्यापारासाठी, कारण ती बाहेरच जास्त सापडतात. पण आतही सापडली आहेत, म्हणून काही अभ्यासक पगार नि कराच्या हिशेबाकडे बोट दाखवतात. व्यापाराचं एकच कारण पुरत नाही असं वाटतं. संग्राहकाने काय करायचं तर नाणं हलकं लागलं की आधी अक्षरं भिंगाखाली बघायची, मग कडा कातरल्यात का ते, आणि मगच नकली म्हणायचं.

सूचीत प्रत्येक नाण्याचं वजन (ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत), व्यास, दोन्ही बाजूंचा लेख, कार्यशाळेचं (टांकसाळीतल्या ज्या विभागात नाणं पाडलं त्याचं) अक्षर, दोन ठशांमधला कोन घड्याळाच्या तासात आणि आधीची मालकी एवढं तरी हवंच. राजधानीत सोन्याच्या १० कार्यशाळा, अल्फा ते आयोटा, आणि एकाच सम्राटाची दहाही अक्षरं जमवायची हे वेड बऱ्याच जणांना लागतं. क्रमांक द्यायला आधी साबातिए (१८६२) आणि रॉथ (१९०८) यांच्या सूची वापरायचे. आता अभ्यासक डंबार्टन ओक्सची बेलिंजर-ग्रिअर्सन सूची (पहिला खंड १९६६) किंवा हान यांची बघतात, आणि बाजारात डेव्हिड सिअर यांचा क्रमांक चालतो. हेराक्लिअससारख्या सम्राटांच्या नाण्यांचा काळ चेहऱ्यांवरून ठरतो: ६१० ला एकटा, मग शेजारी मुलगा, शेवटी तिघं उभे, आणि उत्तरोत्तर वाढत गेलेली दाढी. ख्रिस्ताचा चेहरा नाण्याच्या दर्शनी बाजूला आला तो दुसऱ्या जस्टिनिअनच्या पहिल्या कारकिर्दीत, ६९५ च्या आधी.

११व्या शतकात नाणं पातळ, रुंद आणि वाटीसारखं होत गेलं. त्याला 'स्कायफेट' म्हणतात, वाटीच्या ग्रीक शब्दावरून असं समजून, पण ग्रिअर्सन यांच्या मते हा शब्द अरबीतल्या 'कड' या अर्थाच्या शब्दावरून आला आणि मुळात वाटीशी त्याचा संबंध नव्हता. वाटी का केली हे पक्कं ठरलेलं नाही, पूर्ण वजनाचं हिस्टामेनॉन आणि हलकं टेटार्टेरॉन ही दोन नाणी चटकन वेगळी कळावीत म्हणून हा अंदाज बरा वाटतो. याच शतकात सोन्यात भेसळ वाढत गेली ती इतकी की अॅलेक्सिअस पहिला याला १०९२ मध्ये साडेवीस कॅरेटचं नवं हायपरपायरॉन काढावं लागलं.

भारतात ही नाणी मुख्यतः दक्षिणेत सापडतात, कर्नाटकातलं अक्किआलूर त्यातलं ठळक ठिकाण. बऱ्याच नाण्यांना सम्राटाच्या चेहऱ्याच्या वर दोन भोकं असतात, दागिन्यात ओवल्याची. परदेशी लिलावात भोक म्हणजे दोष, इथे तोच नाणं दागिना म्हणून वापरल्याचा पुरावा. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने १०० वर्षांहून जुनं नाणं खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही.

क्रुसेडवाल्यांनी १२०४ मध्ये राजधानी घेतल्यानंतरची हायपरपायरॉन ठशाने ओबडधोबड आणि सोन्याने उतरती. शेवटची सोन्याची नाणी १३५० च्या दशकात पडली. पुढे ती जागा व्हेनिसच्या डुकाटने घेतली, आणि तोच डुकाट आपल्याकडे पुतळी म्हणून माळेत ओवला गेला.