कासवांमधील प्रथिनपचन (गोड्या पाण्यातील)

गोड्या पाण्यातील कासवांच्या पचनमार्गात अन्नातील प्रथिनांचे विकरांच्या (एंझाइमांच्या) साहाय्याने पेप्टाइडे व ॲमिनो अम्ले यांत होणारे विघटन. पेप्सीन, ट्रिप्सीन, कायमोट्रिप्सीन ही यातील मुख्य विकरे इतर पृष्ठवंशी प्राण्यांत आढळतात तीच होत. कासवांचे वेगळेपण विकरांच्या यादीत फारसे नाही. ती कोणत्या तापमानाला व कोणत्या अन्नावर काम करतात, यात ते शोधावे लागते.

कासवाला दात नसतात. शृंगी चोचीत धरलेले भक्ष्य पुढच्या पायांच्या नख्यांनी फाडून, जवळजवळ न चावता, पाण्याबरोबर गिळले जाते. त्यामुळे प्रथिनपचनाची सुरुवात जठरातच होते. सस्तन प्राण्यांत हायड्रोक्लोरिक अम्ल व पेप्सिनोजेन वेगवेगळ्या पेशींतून स्रवतात; कासवांत मात्र मासे, उभयचर व पक्षी यांच्याप्रमाणे एकाच प्रकारची पेशी दोन्ही स्रवते. अम्लामुळे निष्क्रिय पेप्सिनोजेनाचे पेप्सीन बनते. थिओडोर श्वान यांनी 1836 मध्ये वर्णन केलेले हे विकर पीएच 2 च्या आसपास, म्हणजे तीव्र अम्लात, सर्वाधिक प्रभावी असते.

लहान आतड्यात स्वादुपिंडरस मिसळला की माध्यम अल्कधर्मी होते. आतड्याच्या अस्तरातील एंटरोपेप्टिडेज ट्रिप्सिनोजेनाचे ट्रिप्सीन करते आणि ट्रिप्सीन पुढे कायमोट्रिप्सिनोजेन, इलॅस्टेज व कार्बॉक्सिपेप्टिडेज यांची पूर्वरूपे सक्रिय करते. उरलेली लहान पेप्टाइडे अस्तरावरील पेप्टिडेजे तोडतात.

तापमानाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. चिनी मृदुकवची कासव (पेलोडिस्कस सायनेन्सिस) मत्स्यशेतीसारखे पाळले जात असल्याने त्याच्या विकरांवर बरेच काम झाले आहे. परीक्षानळीतील चाचण्यांत प्रथिनपाचक विकरांची कमाल क्रियाशीलता बहुधा 40° से. किंवा त्याहून वर मिळते. प्राण्याची वाढ मात्र 30° से.च्या आसपास उत्तम होते. ही तफावत विसंगती मानण्याचे कारण नाही. चाचणी काही मिनिटांची असते. उष्णतेने विकराची रचना विस्कटण्यापूर्वीच चाचणीत वाढलेला वेग मोजला जातो. जठरात अन्न अनेक तास, थंडीत तर काही दिवस राहते. त्यामुळे चाचणीतील आकडा हा विकराचा गुणधर्म समजावा, कासवाची गरज नव्हे. जिवंत प्राण्यांवरील निरीक्षणे याबाबत अधिक विश्वसनीय वाटतात : 1974 मध्ये रॉबर्ट गॅटन यांना असे आढळले की, खाऊ घातलेली स्लायडर कासवे (ट्रॅकेमिस स्क्रिप्टा) उपाशी कासवांपेक्षा काही अंश अधिक तापमान निवडतात. पोट भरल्यावर ओंडक्यावर पाय ताणून ऊन खाणारे कासव एका अर्थी पचनच करत असते. पाणी फार थंड झाले की ते खाणेच सोडते.

मिश्राहाराचा परिणाम वादाचा आहे. स्लायडरची पिल्ले बहुतांशी मांसाहारी असतात व प्रौढ कासवे वनस्पतींकडे वळतात. कॅरन बियॉर्न्डल यांनी 1991 मध्ये लेम्ना ही तरंगती पाणवनस्पती व कीटकांच्या अळ्या एकत्र खाऊ घातल्या, तेव्हा वनस्पतीचे पचन अपेक्षेपेक्षा वाढले. अळ्यांतील नायट्रोजनामुळे आतड्यातील सूक्ष्मजीवांना बळ मिळाले असावे, असे स्पष्टीकरण दिले गेले. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अळ्यांऐवजी कोळंबी वापरली असता एका मिश्रणात उलट परिणाम दिसला. प्राणिज अन्न पचनमार्गातून लवकर पुढे सरकते व आपल्याबरोबर वनस्पतीलाही नेते, हा त्यावरील खुलासा अधिक पटणारा आहे. दोन्ही निष्कर्ष परस्परविरोधी मानण्यापेक्षा परिणाम भक्ष्याच्या प्रकारावर व प्रमाणावर अवलंबून असतो, असे म्हणणे सयुक्तिक ठरेल.

ॲमिनो अम्लांतील जादा नायट्रोजन अमोनिया व यूरिया यांच्या रूपाने बाहेर पडतो. चिनी मृदुकवची कासव जमिनीवर असताना मधूनमधून डबक्यात डोके बुडवून ठेवते. यामागील कारण सिंगापूरच्या संशोधकांनी 2012 मध्ये दाखवून दिले : त्याचा बराचसा यूरिया मूत्रावाटे न जाता तोंडाच्या अस्तरातून पाण्यात उतरतो.